नव्या जातीतला पहिला प्राणी लग्न कुणाशी करतो?

टेकडीवाला
लोकहो, घरात एक प्रश्न अडकलाय, माझ्याच्याने सुटत नाहीये म्हणून इथे टाकतो.

मुलगी दहावीला आहे. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर गेलो होतो, खाणीच्या अलीकडे दगडावर एक सरडा ऊन खात बसला होता. मी आपलं बापपण गाजवायला सांगायला लागलो, की बघ, सह्याद्रीत अजून नवीन नवीन पाली-सरडे सापडतायत, परवाच पेपरात होतं वगैरे. तर ती म्हणते, "बाबा, नवीन जात तयार झाली म्हणजे तिच्यातला पहिला प्राणी कधीतरी जन्मला असेल ना? मग त्याने लग्न कुणाशी केलं? दुसऱ्या जातीशी होत नाही असं पुस्तकातच लिहिलंय."

मी म्हटलं घरी गेल्यावर सांगतो. घरी आलो, मिसळ खाल्ली, आंघोळ केली, पेपर वाचला, झोपलो. आज बुधवार आहे.

आणखी एक. पेपरात 'नवी प्रजाती सापडली' लिहितात ती खरंच नवीन झालेली असते का फक्त आपल्याला नवी? मी कॉमर्सवाला आहे, जरा सोपं करून सांगा.

मुठाकाठ
पहिला! बाकी जेवून येऊन वाचतो.

खडूस_काका
मिसळ कुठली ते आधी सांगा. मग उत्तर.

रानवाटा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी. आपल्याला नवी. जुन्नरजवळच्या घाटघरची एक पाल २००८ साली नवी म्हणून नोंदवली गेली, त्याच वर्षी साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरची अजून एक, हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस. या पाली काही २००८ साली जन्मल्या नाहीत, माणूस इथे यायच्या आधीपासून त्या तिथेच आहेत. गुराख्यांनी हजारदा बघितलेल्या. फक्त कुणीतरी बसून मांडीवरची छिद्रं मोजली, खवल्यांच्या रांगा मोजल्या, डीएनए तपासला आणि म्हटलं अरे, ही ती नव्हे. त्यामुळे 'शोध लागला' हे पालीच्या बाजूने बघितलं तर थोडं विनोदीच आहे.

पहिल्या प्रश्नावर माझं म्हणणं असं की 'पहिला प्राणी' असा कुणी नसतोच. पण ते समजावणं अवघड आहे, दुसरं कुणीतरी करा. मी एक उदाहरण देऊन ठेवतो. आंबोलीला पावसाळ्यात गेलात तर सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, वीतभर डबक्यांत एक छोटा टोड दिसतो, बेडकाचाच भाऊबंद. तो सगळ्या जगात फक्त आंबोलीच्या आसपास आहे. त्याचा सख्खा भाऊ कोयनेकडे. दोघांमध्ये हवाई अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याला दीडशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही, पण दोन-तीन सेंटिमीटरच्या प्राण्याला, ज्याला अंडी घालायला ठरावीक तसलीच डबकी लागतात, मधल्या दऱ्या म्हणजे समुद्रच. भेटच नाही तर लग्न कुठलं. दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे बदल साठत गेले. कोयनेचा १९६३ साली नोंदवला गेला, आंबोलीचा थेट २००९ साली.

चिंगी
एक शंका. धागाकर्त्यांनी शीर्षकात 'जाती' लिहिलंय आणि खाली 'प्रजाती'. दोन्ही एकच का?

शुद्धलेखन_समिती
चिंगी, धन्यवाद, मी याचीच वाट बघत होतो. आपल्या शालेय पुस्तकांत क्रम असा आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे स्पीशीज ती जाती आणि जीनस ती प्रजाती. वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात, ते हिंदीच्या वळणाने आलेलं आहे. मग जीनसला काय म्हणायचं? तर कुणी वंश म्हणतं, कुणी कुळ म्हणतं. सगळा आनंद आहे.

डॉक्टर_अर्धवट
गण, कुल, जाती... हे वर्गीकरण आहे का पत्रिका? धागाकर्त्याच्या मुलीचा प्रश्न उगाच लग्नावर गेला नाही.

माऊ
=)) नाडी राहिली.

मुठाकाठ
जेवून आलो. अर्धवट डॉक्टर, लोळलो.

पण 'जाती' शब्दाची अडचण ही आहे की आपल्याकडे जात म्हटल्यावर ती आधीपासून ठरलेली, पक्की, कुणीतरी आखून दिलेली अशी वाटते. आणि इथे तर मुद्दाच उलटा आहे. मला तरी शाळेत याच शब्दामुळे कळलं नव्हतं.

सदाशिव_पेठी
पहिल्या प्रश्नावर प्रयत्न करतो. मुलीला सांगा, महाराष्ट्री प्राकृतातून हळूहळू आजची मराठी झाली. आता विचारा, मराठी बोलणारं पहिलं मूल कुठलं? आणि त्याची आई प्राकृत बोलत असेल तर दोघं बोलायचे काय? असं कधी झालंच नाही. प्रत्येक आईला तिच्या पोराची भाषा कळत होती, फार तर 'आजकालची मुलं काय बोलतात' एवढी कुरकुर. पण यादवांच्या काळातल्या माणसाला उचलून आज लक्ष्मी रोडवर आणून सोडला तर त्याला आपलं अर्धं कळणार नाही आणि आपल्याला त्याचं. रेघ कुठे मारायची ते नंतर बसून ठरवणाऱ्याचं काम.

तसंच प्राण्यांचं. प्रत्येक पिढी आपल्या आईबापांच्याच जातीची असते. तरीही लाख पिढ्यांनंतरचा खापरपणतू वेगळ्या जातीचा असतो.

रानवाटा
वा! मला हेच म्हणायचं होतं. +१

बेळगावचा_कुंदा
सदाशिवराव, उपमा चांगली आहे पण ती फक्त काळाची झाली. जागेचीही तशीच देता येते. पुण्याहून साताऱ्याला, कोल्हापूरला, आमच्याकडे बेळगावला, तिथून खाली सावंतवाडी, मालवण, पुढे गोवा. प्रत्येक गावाला शेजारच्या गावाचं नीट कळतं. पण पेठेतल्या माणसाला एकदम गोव्याच्या आतल्या खेड्यात नेऊन बसवा, चेहरा बघा त्याचा. मधे रेघ कुठेच नाही आणि टोकं मात्र वेगळी.

शुद्धलेखन_समिती
कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर इथे आधीच तीन धागे पेटलेले आहेत. कृपया चौथा नको.

पाषाणचा_खंड्या
कुंदाशेठ, तुम्ही जे म्हणालात ते पक्ष्यांत जसंच्या तसं आहे, आणि तो पक्षी हिवाळ्यात आपल्या अंगणात असतो. हिरवा वटवट्या, ग्रीनिश वॉर्बलर. पाषाण तलावाकडे, विद्यापीठात, सोसायटीच्या पिंपळात सुद्धा. चिमणीहून लहान, मळकट हिरवा, दिसतो कमी आणि ओरडतो जास्त.

उन्हाळ्यात हे परत उत्तरेला जातात पिल्लं काढायला. तिबेटचं पठार त्यांना राहायला जमत नाही म्हणून त्यांची वस्ती पठाराच्या भोवती कड्यासारखी आहे. दक्षिणेला हिमालय, तिथून एक हात पश्चिमेकडून वर गेलेला, दुसरा पूर्वेकडून. प्रत्येक ठिकाणचा पक्षी शेजाऱ्यासारखाच गातो, किंचित फरक. असं करत करत दोन्ही हात वर सायबेरियात परत भेटतात, आणि तिथे एकाच जंगलात राहूनही हे त्याला ओळख देत नाहीत. डॅरेन अर्विन नावाच्या शास्त्रज्ञाने २००१ च्या सुमारास रेकॉर्डिंग वाजवून तपासलं. एकाचं गाणं दुसऱ्याला वाजवून दाखवलं तर ढिम्म. गाणंच कळत नाही म्हणजे स्थळ पुढे सरकतच नाही. आपल्याकडे येतात ते त्यातले पश्चिमेकडचे.

नंतरच्या जनुकीय अभ्यासात असंही आलं की हे कडं पूर्वी काही ठिकाणी तुटलेलं होतं, त्यामुळे अगदी अखंड साखळी असं म्हणता येत नाही. पण सायबेरियातली दोन टोकं आजही फटकून आहेत ते खरं.

टेकडीवाला
बापरे, मी दोन तास मीटिंगमध्ये होतो तेवढ्यात एवढं! सदाशिव_पेठी यांचं भाषेचं उदाहरण आज रात्री वापरतो. (काका, मिसळ घरचीच. बायकोने केलेली. जास्त विचारू नका.)

खडूस_काका
मिसळीचं उत्तर असमाधानकारक.

आता मुद्द्यावर. मी विरोधी पक्षात बसतो, कुणीतरी बसायला हवं. हे सगळं 'लाखो वर्षांपूर्वी झालं असणार' छापाचं आहे. बघितलंय कुणी? बेडूक दरीच्या अलीकडे, बेडूक दरीच्या पलीकडे, म्हणून दोन जाती. मला सत्तर वर्षांत माझ्या डोळ्यासमोर एकही प्राणी बदललेला दिसला नाही. पुण्यात नामशेष झालेली एकच जाती मी पाहिली, सायकलवाला.

कापूसकोंड्या
काका, मी बघितलंय. वडिलांच्या शेतात. मी आता वाकडला नोकरी करतो पण घर यवतमाळ जिल्ह्यात, कापूस पट्टा.

मोठं लिहितो, माफी असावी. बीटी कापूस आला २००२ ला. त्यात एका जिवाणूचं जनुक घातलेलं, झाड स्वतःच बोंडअळीसाठी विष बनवतं. सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली, फवारण्या कमी झाल्या, घरी पहिल्यांदा मोटरसायकल आली ती त्या कापसावर. मग २००९-१० च्या आसपास गुजरातेतून बातमी आली की गुलाबी बोंडअळी त्या विषाला दाद देत नाही. तोवर दोन जनुकांचं बियाणं २००६ पासून आलेलंच होतं, म्हणून लोक निवांत होते. आणि २०१७ ला आमच्याकडे ती दोन्हींना पुरून उरली. वरून फूल बघितलं तर पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या बंद, आम्ही त्याला डोमकळी म्हणतो. बोंड फोडलं की आत अळी, सरकी खाल्लेली, कापूस पिवळा. कवडी झाला सगळा. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, ते पेपरात वाचलं असेल तुम्ही.

आता उत्क्रांती कुठे? अळीने काही 'जुळवून घेऊ या' असं ठरवलं नाही. लाखो अळ्यांत दोन-चार अशा निघतात की ज्यांना विष लागत नाही, योगायोगाने. बाकीच्या मेल्या, या राहिल्या, पुढची पिढी यांची.

आणि टेकडीवाले साहेब, तुमच्या मुलीचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागतो. ही जी वाचलेली अळी, तिचा पतंग झाल्यावर त्याने लग्न कुणाशी करायचं? बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं एक वेगळं पाकीट यायचं, साध्या बिनबीटी कापसाचं. ते शेताच्या कडेने लावायचं असा नियम, रेफ्युज म्हणायचे त्याला. उद्देश हा की त्या साध्या कापसावर साध्या अळ्या भरपूर जगतील, त्यांचे पतंग या वाचलेल्या पतंगांशी जुळतील, आणि होणारी पोरं पुन्हा विषाने मरतील, कारण बापाकडून प्रतिकाराचं जनुक आलं तरी आईकडून साधं, आणि ती एक मात्रा पुरत नाही. पण ते पाकीट लावायचं कुणी? कडेच्या पाच ओळी मुद्दाम अळीला खायला द्यायच्या असं कुठल्या बापाला पटेल, तीन एकरवाल्याला? आमच्याकडेही नाही लावलं. मग वाचलेल्यांना लग्नाला फक्त वाचलेलेच उरले.

त्यात पाणी आहे म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवायची, म्हणजे हंगाम संपला तरी झाडं न उपटता उभीच, म्हणजे अळीला जेवण चालूच. ही गुलाबी अळी कापूस सोडून फारसं काही खातही नाही, नाहीतर बाहेरून तरी साधे पतंग आले असते.

माऊ
हा प्रतिसाद दोनदा वाचला. 'वाचलेल्यांना लग्नाला फक्त वाचलेलेच उरले.' बाप रे.

चिंगी
कापूसकोंड्या, नाव अगदी सार्थ आहे हो तुमचं. पण तुमची गोष्ट संपली तरी.

खडूस_काका
कापूसकोंड्या, मनापासून लिहिलंत, आणि तुमच्या नुकसानीवर वाद घालायचा नाही मला. पण तरी विचारतो. बोंडअळी शेवटी बोंडअळीच राहिली ना? नवी जात झाली का? कुत्र्याचे आपण पामेरियनपासून ग्रेट डेनपर्यंत काय काय केले, कुत्रा कुत्राच. थोडंफार बदलणं वेगळं, नवीन होणं वेगळं.

प्रयोगशाळेतला_उंदीर
काकांचा प्रश्न रास्त आहे. (मी पाषाणला पीएचडी करतोय, जिवाणूंवर, त्यामुळे दिवसभर पेट्री डिश बघून रात्री इथे येतो.)

बोंडअळी नवी जात झाली नाही, बरोबर. प्रतिकार येणं हा बदल झाला, फाटा फुटणं ही पुढची पायरी, आणि त्यासाठी एकच गोष्ट लागते, दोन गटांनी आपापसात लग्नं बंद करणं. धागाकर्त्याच्या मुलीने प्रश्न अगदी बरोबर जागी मारलाय. अर्न्स्ट मायरने १९४२ साली जातीची जी व्याख्या केली ती हीच आहे, कोण कोणात प्रजनन करतं.

आता 'कुणी बघितलंय का' याचं उत्तर. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवरा-बायको १९७३ पासून गालापागोसच्या डॅफ्नी मेजर नावाच्या एका बारक्या बेटावर जात राहिले. बेटावरच्या फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घालायची, चोच मोजायची, कोण कुणाचं पोर ते लिहायचं. १९७७ ला दुष्काळ पडला, बारीक बिया संपल्या, मोठ्या टणक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे जास्त वाचले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली. हे झालं काकांचं 'थोडंफार'.

पुढे १९८१ ला बेटावर एक परका नर आला. अंगाने मोठा, गाणं वेगळंच. तो शंभरहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पानोला बेटावरचा होता, हे पुढे डीएनएवरून कळलं. परत जाणं जमलं नाही. तर या पहिल्याने लग्न कुणाशी केलं? तिथल्याच दुसऱ्या जातीच्या मादीशी! जाती म्हणजे भिंत नाही, बऱ्याचदा कुंपण असतं, कधीमधी कुणीतरी उडी मारतं. पोरं झाली. पोरांनी बापाचं गाणं उचललं, पण ते गाणं बेटावरच्या इतर माद्यांना रुचेना, त्यामुळे पोरं आपसातच जुळली. मग काही पिढ्यांनी परत दुष्काळ, आणि या सगळ्या खानदानात उरले दोघं, भाऊ आणि बहीण. त्यांच्यापासून पुन्हा वंश वाढला. २०१० पर्यंत तिसेक पक्षी झाले होते. या कुळाला त्यांनी नाव दिलं बिग बर्ड. त्याला नवी जात म्हणायचं का यावर वाद आहे, आणि तिसेक पक्षी एका वादळात संपूही शकतात. पण फाटा फुटताना वहीत नोंदवला गेलाय, काका, पिढीबरहुकूम.

डॉक्टर_अर्धवट
म्हणजे परगावचा मुलगा, आवाज चांगला, परतीची गाडी चुकली, इथलीच मुलगी केली. अर्ध्या पुण्याचा इतिहास आहे हा.

खडूस_काका
हे उदाहरण मला माहीत नव्हतं. विचार करतो.

वैकुंठनिवासी
आपल्याकडे हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणूस. डार्विन १८५९ ला आला.

मुठाकाठ
आलाच हा प्रतिसाद, मी पैज लावली होती घरी. वामनापर्यंत ठीक बसतं हो, पण परशुरामातून राम उत्क्रांत झाला म्हणायचं तर अडचण आहे. स्वयंवरानंतर दोघं समोरासमोर भेटलेत की. आणि दशावतार हा जिना आहे, एकामागून एक. उत्क्रांती झाडासारखी, फांद्या फुटत जाणारी. मासे काही संपले नाहीत कासव झाल्यावर.

वैकुंठनिवासी
श्रद्धेचा विषय आहे, उपमा म्हणून बघा. मग आताची माकडं माणूस का होत नाहीत ते तरी सांगा.

सदाशिव_पेठी
कारण ती आपली चुलत भावंडं आहेत, आजोबा नाहीत. तुमचा चुलतभाऊ कितीही म्हातारा झाला तरी तुमचा आजोबा होतो का?

सुगरण_कर्वेनगर
मी विज्ञानातली नाही, पण उंदीरदादांना एक विचारायचं होतं. आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळेपासून पुरणपोळीला आणि खिरीला खपली गहू लागतो. परवा दुकानदार म्हणाला, ताई, खपली म्हणजे साध्या गव्हाचा पूर्वज. म्हणून दुप्पट भाव. हे खरं का थापा?

प्रयोगशाळेतला_उंदीर
भावाचं माहीत नाही, पण पूर्वजाचं बऱ्यापैकी खरं आहे. आणि ताई, तुम्ही नकळत धाग्यातलं सगळ्यात भारी उदाहरण काढलंत!

खपलीत गुणसूत्रं २८. आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हात ४२. वरची १४ आली कुठून? साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला, खपलीच्या जातकुळीतल्या लागवडीच्या गव्हात बांधावरच्या एका रानगवताचे पराग पडले. त्या गवतात १४ गुणसूत्रं. अशा संकराचं बी सहसा वांझ निघतं, कारण गुणसूत्रांच्या जोड्याच लागत नाहीत, खेचरासारखं. पण कधीतरी चुकून सगळा संच दुप्पट होतो. मग प्रत्येकाला जोडीदार मिळतो, झाड सुपीक होतं, पण २८ वाल्या आईकडच्यांशी किंवा १४ वाल्या गवताशी त्याचं नीट जमत नाही. म्हणजे एका-दोन पिढ्यांत नवी जात तयार.

आणि मी वर सगळ्यांच्या हो ला हो केलं की 'पहिला असा कुणी नसतो', ते इथे चुकतं. इथे पहिला खरोखर असतो, एकटा. लग्न कुणाशी करतो? स्वतःशी! गव्हाचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे अडत नाही. झाडांत असं बऱ्याचदा झालंय, कापूसकोंड्यांच्या अमेरिकन कापसाची ५२ गुणसूत्रं आणि देशी कापसाची २६ हा पण तसलाच मामला आहे.

रानवाटा
बरं झालं दुरुस्ती केलीत. मीच ते 'नसतोच' असं ठणकावून लिहिलं होतं. प्राण्यांपुरतं म्हणायला हवं होतं, तेही बहुतेक वेळा.

सुगरण_कर्वेनगर
स्वतःशीच लग्न! म्हणजे सासू नाही. उगाच नाही चार पोळ्या जास्त जातात. खपली पचायला हलकी म्हणतात ते कितपत खरं?

शुद्धलेखन_समिती
पाककृती विभाग वेगळा आहे. (आघारकर संस्थेने खपलीचं एमएसीएस २९७१ हे बुटकं, न लोळणारं वाण काढलंय, आपल्या पुण्यातलंच काम, एवढं सांगून गप्प बसतो.)

सातारी_कंदी
वर चाळकेवाडीचं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्या पठारावर एप्रिल-मे मध्ये या, सरड्यांचं संमेलन असतं. नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फडफडवतो, माद्या बघतात. २०१६ साली या गटाची नवीन प्रजाती (समितीच्या अर्थाने!) झाली आणि तिचं शास्त्रीय नाव काय ठेवलं माहितीये? सरडा! स्पेलिंग लॅटिन अक्षरांत पण शब्द आपला मराठी. आमच्या पठारावरचा तो सरडा सुपर्बा, दुसरा एक सरडा डार्विनी.

तिथे पवनचक्क्या आहेत. २०१८ ला एक अभ्यास आला की पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी येतात आणि म्हणून चक्क्यांखालचे सरडे संख्येने जास्त, अंगात ताण कमी, माणूस पार जवळ गेला तरी पळत नाहीत. पंधरा-वीस वर्षांत एवढा बदल! म्हणजे आमच्याकडे पण उत्क्रांती चालू आहे म्हणायची.

प्रयोगशाळेतला_उंदीर
सातारकर, अभ्यास मस्त आहे, पण थोडा ब्रेक लावतो. सरडा बिनधास्त झाला तो सवयीने की जनुकातून? सारसबागेतली मांजरं माणसाला घाबरत नाहीत म्हणून ती वेगळी उत्क्रांत झाली असं आपण म्हणत नाही. चक्क्यांखालची अंडी नेऊन दुसरीकडे वाढवली आणि तरी पिल्लं बिनधास्त निघाली तर वेगळी गोष्ट. 'जुळवून घेतलं' या शब्दात आपण दोन्ही कोंबतो, तिथे घोळ होतो. एका जन्मात प्राणी शिकतो ते वेगळं, आणि पिढ्यांत निवड होते ते वेगळं.

सातारी_कंदी
मान्य. पण नाव आमच्या सरड्याचं आहे हे विसरू नका.

चिंगी
साधारण किती वेळ लागतो मग? एक आकडा सांगा.

प्रयोगशाळेतला_उंदीर
एक आकडा नाही. गव्हाला एखाददोन पिढ्या. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं, त्यानंतर त्यात सिक्लिड नावाच्या माशांच्या पाचशेच्या आसपास जाती झाल्या. अमेरिकेत सफरचंद युरोपातून गेलं, तर तिथल्या रानफळावरची एक माशी १८५० च्या आगेमागे सफरचंदावर आली. फळावरच जुळायचं, फळातच अंडी घालायची, आणि सफरचंद आधी पिकतं म्हणून दोघींचे मुहूर्तच वेगळे झाले. पावणेदोनशे वर्षं झाली, अजून पूर्ण वेगळ्या नाहीत. आणि रिचर्ड लेन्स्की यांच्या जिवाणूंवरच्या प्रसिद्ध प्रयोगात, १९८८ पासून चालू आहे, बारा चंबू, पंचाहत्तर हजारांवर पिढ्या, तिथे एकाच चंबूतले जिवाणू एकतीसेक हजार पिढ्यांनंतर सायट्रेट खायला शिकले, जे त्यांना एरवी ऑक्सिजन असताना खाता येत नाही. उरलेले अकरा बसलेत तसेच. आमचे गाईड म्हणतात, तुझा थिसिस बाराव्या चंबूत नाहीये हे लक्षात ठेव.

टेकडीवाला
अपडेट. काल रात्री जेवताना सांगितलं. भाषेचं उदाहरण पटलं. गव्हाचं ऐकून पोळीकडे बघत बसली. पण सगळ्यात जास्त प्रश्न बोंडअळीवर. तिचं म्हणणं, सगळ्यांनी पाकीट लावलं असतं तर सगळ्यांचा फायदा झाला असता, मग एकानेही का नाही लावलं? मी म्हटलं हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, हा मला येतो. त्यावर म्हणाली, मग एवढ्या वेळ विज्ञानाचं का सांगत होतास.

आणि दुसरं, माणसाने निअँडरथलशी लग्नं केली, आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्यांचा एक-दोन टक्के डीएनए आहे असं तिने कुठेतरी पाहिलंय. मग ते वेगळी जात कसे?

खडूस_काका
तिला सांगा, कुंपण आणि उडी. वर उंदराने लिहिलंय. (हो, मी सगळं वाचतो.) पोर हुशार आहे, कॉमर्सला घालू नका.

कापूसकोंड्या
टेकडीवाले साहेब, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून आज वडिलांना फोन केला. पाकिटं का नाही लावली विचारलं. म्हणाले, शेजाऱ्याने लावलं असतं तर मीही लावलं असतं. शेजारच्या काकांनाही विचारलं म्हणे त्यांनी लगेच बांधावरून ओरडून, ते पण हेच म्हणाले.

आता पाकीट वेगळं देत नाहीत, पिशवीतच मिसळून येतं. जुनी काही पाकिटं माळ्यावर अजून पडून आहेत, उंदरांनी कुरतडलेली. शनिवारी गावी जातोय. मुलीला बघायला हवं असेल तर एक घेऊन येतो, उगवणार नाही आता, पण वर सगळी सूचना मराठीत छापलेली आहे.